जोडीने प्रवास आणि भरपगारी सुटी



सहलीच्या कंपन्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून नेवाशापर्यंत पोहोचतात. त्यांत एक जोडपे हमखास असते. पाठीमागे निळे सरोवर, पलीकडे डोंगर, आणि खाली ठळक अक्षरांत ‘मिलान व कोमो’. ती ठिकाणे पाहण्यासारखी आहेत ह्यात वाद नाही. मिलानच्या थोरल्या चर्चचे बांधकाम १३८६ साली सुरू झाले आणि ते पुरे होण्यास काही शतके लागली. लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ हे भित्तिचित्र त्याच शहरात आहे. उत्तरेची सरोवरे प्राचीन हिमनद्यांनी कोरलेली असून कोमोची खोली चारशे मीटरांहून अधिक भरते. कोणी जाऊन येत असेल तर त्याने जरूर यावे आणि आम्हांला चार गोष्टी सांगाव्यात.

परंतु त्या चित्राकडे पाहून माझ्यासारख्या कामगारांत वावरणाऱ्या माणसाच्या मनात निराळाच प्रश्न येतो. कष्टकरी नवराबायकोला केवळ पाहण्यासाठी, हिंडण्यासाठी, चार दिवस मिळाले कसे? भाड्याचे पैसे ही पुढची गोष्ट. आधी वेळ लागतो, आणि कामगाराचा वेळ हा विकलेला असतो. तो परत कसा मिळवला गेला, हे आज आपण पाहू.

इटलीपासूनच सुरुवात करू. मुसोलिनीच्या राजवटीने १९३१ पासून स्वस्त भाड्याच्या लोकगाड्या सोडल्या. कामगार त्यांत बसून समुद्रावर नि डोंगरावर गेले. पण त्याच राजवटीने त्यांच्या स्वतंत्र संघटना मोडून टाकल्या होत्या. म्हणजे तिकीट मिळाले, पण ते मेहरबानीचे. मालक किंवा राजा खूष असेपर्यंत ते चालणार. महायुद्धानंतर इटलीच्या लोकांनी राज्यघटना केली, ती १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आली. तिच्या पहिल्याच कलमात हे प्रजासत्ताक श्रमावर उभे आहे असे म्हटले आहे, आणि ३६ व्या कलमात कामगाराला आठवड्याची विश्रांती व वर्षाची भरपगारी सुटी ह्यांचा हक्क दिला आहे. त्यापुढची मेख अशी की, हा हक्क कामगाराला सोडूनही देता येत नाही. मालकाने ‘सुटी नको म्हणून लिहून दे’ म्हटले तरी त्या लिहून देण्याला किंमत नाही. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. ते ओळखूनच ही तरतूद केलेली आहे.

शेजारच्या फ्रान्समध्ये १९३६ साली मोठे संप झाले आणि त्याच वर्षी दोन आठवड्यांच्या भरपगारी सुटीचा कायदा झाला. त्या उन्हाळ्यात तरुण जोडपी दोघांनी मिळून चालवायच्या सायकलींवर बसून गावाबाहेर पडली. आजही त्या वर्षाची आठवण निघाली की तेथील लोकांना ती सायकल आठवते.

हे सारे परक्यांचे झाले असे मात्र समजू नका. आपल्याकडची सुरुवात त्याहून जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी होती. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा तो दिवस आमचा, असे त्यांचे म्हणणे होते. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, त्यामागे सहा वर्षांची खटपट आहे.

आणि खंडोबाच का, तेही पाहा. आपल्याकडे लग्न झाले की जोडीने जेजुरीला जायचे, नवऱ्याने बायकोला उचलून गडाच्या निदान पाच पायऱ्या चढायच्या. गरिबाच्या घरची जोडप्याची पहिली सहल ती हीच. आपल्या माणसाला प्रवासाची हौस नव्हती असे जे म्हणतात, त्यांनी जेजुरीच्या पायऱ्या मोजाव्यात. हौस होती, पण तिला देवाचे निमित्त लागे. कारण देवासाठी खाडा केला तर मालकही फार बोलत नसे.

आता कायदा. आपल्या राज्यघटनेच्या ४३ व्या कलमात कामगाराला पोटापुरते वेतनच नव्हे, तर फुरसतीचा पूर्ण उपभोगही मिळावा, असे मार्गदर्शक तत्त्व घातले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने हिशेब घालून दिला. वर्षात २४० दिवस काम भरले की पुढील वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. म्हणजे २४० दिवसांचे १२ दिवस. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेत २४० ची अट १८० वर आणली आहे. जुन्या कायद्यातील आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नव्हती. चार किंवा अधिक दिवसांची रजा मंजूर झाली, तर तिचा पगार रजेवर जाण्यापूर्वी हातात द्यावा, असे त्याच्या ८१ व्या कलमात होते. कायदा करणाऱ्याला ठाऊक होते की, रिकाम्या खिशाने मिळालेली सुटी म्हणजे घराच्या ओट्यावर बसून राहणे.

मग बारा दिवसांत जायचे कोठे? कोमो राहू द्या. आपल्या दाराशी प्रवरा वाहते, तिच्या उगमापर्यंत जा. ज्ञानेश्वरी ज्या खांबाला टेकून सांगितली गेली तो खांब बाहेरगावचे लोक पाहून जातात. आपल्यातले कितीजण बायकोला बरोबर घेऊन, घाई न करता, तेथे तासभर बसले आहेत? येथील टेकाडांवर १९५४ पासून डॉ. सांकळियांनी उत्खनन केले. अश्मयुगाच्या हत्यारांपासून रोमन धर्तीच्या मद्यकुंभांच्या तुकड्यांपर्यंत वस्तू सापडल्या. म्हणजे भूमध्य समुद्राकाठचा माल दोन हजार वर्षांपूर्वी नेवाशाला आला होता! येथून संगमनेर, अकोले करीत भंडारदऱ्याला जावे. पावसाळ्यात रंधा धबधबा, समोर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, पाण्यापलीकडे रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ, आणि वर रतनगड, जेथून प्रवरा निघते. साखर कारखान्यातल्या कामगाराला गळीत हंगामात उसंत नसते. हंगाम उरकला की पावसाळा येतो, आणि तीच त्या डोंगराची खरी वेळ.

इटलीची सरोवरे हिमनदीने कोरली. आपली बहुतेक सरोवरे माणसाने बांधली. भंडारदऱ्याचे दगडी धरण १९१० ते १९२६ ह्या काळात उभे राहिले. त्यातला दगडन् दगड कोणीतरी घडवला, कोणीतरी वाहिला. इकडे प्रवरासंगमापर्यंत नाथसागराचे पाणी येते. जायकवाडीचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला, आणि त्या पाण्याखाली कित्येक गावांची शिवारे गेली. तेव्हा सरोवराकाठी उभे राहून बायकोला नुसते ‘किती सुंदर’ म्हणू नका. हे पाणी कोणाच्या कष्टाने अडले आणि कोणाच्या जमिनीवर साठले, तेही सांगा. आणि सहलीला जाताना स्टोव्ह नि पिठाचा डबा बरोबर घेऊ नका. नवऱ्याची रजा आणि बायकोची चूल, ह्याला दोघांची सुटी म्हणत नाहीत.

शेवटी एक जोडपे राहिले. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये संसार भरून ते आपल्याच तालुक्यातल्या फडांवर येते. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून त्यांचे नाव ‘एक कोयता’. जोडीने प्रवास करणारे असे जोडपे दुसरे नाही, पण त्यांच्या प्रवासात पाहणे नाही, थांबणे नाही. आपण ज्याला रजा म्हणतो त्याला त्यांच्याकडे ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली सरकारला करावी लागली. त्या प्रकरणी खाड्याच्या भीतीचीही चर्चा झाली. एक दिवस विश्रांती घेणे परवडत नाही, म्हणून शरीरच कापून घ्यावे लागते की काय, असा प्रश्न जेथे उभा राहतो, तेथे सुटी ही चैन नसून आरोग्याची आणि अब्रूची बाब आहे.

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण कामगाराला सुटी नाकारताना पुष्कळदा ऐकवतात. पण पोटोबा झाल्यावर विठोबा आहे, असेच तीत म्हटले आहे. नुसता पोटोबावर थांब, असे ती म्हणत नाही. ज्यांना कायद्याने रजा आहे त्यांनी ती साठवून न ठेवता जोडीने घ्यावी. ज्यांना ती नाही, त्यांच्या खाड्याचा दंड बंद व्हावा आणि आठवड्याचा एक दिवस त्यांच्या नावे पडावा, म्हणून बाकीच्यांनी आपला आवाज त्यांच्या आवाजात मिळवावा. फडावरचे जोडपे एखाद्या रविवारी कोयता बाजूला ठेवून, खांबाचे दर्शन घेऊन, प्रवरेच्या घाटावर निवांत बसलेले दिसेल, त्या दिवशी लोखंड्यांचे काम नेवाशापर्यंत आले असे आपण म्हणू.