बेरोजगार मुलांविषयी आपण जे बोलतो

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये, लातूर-नांदेडच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये आणि तालुक्याच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्यांमध्ये हजारो मुलं-मुली वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहत आहेत. त्यांच्याविषयी बाकीच्यांची मतं मात्र फार पक्की असतात. ती नातेवाइकांच्या तोंडून येऊ लागली की मुलगा दिवाळीला गावी जायचं टाळतो. धोरण ठरवणारेही तसाच विचार करू लागले की एका पिढीची उमेदीची वर्षं फुकट जातात. त्यातली काही मतं इथे तपासतो.

"बेरोजगारी तर तीनच टक्के आहे"

आकडा खोटा नाही. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ साली बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्के निघाला. प्रश्न आहे तो मोजतो काय. या पद्धतीत वर्षातला बहुतेक काळ माणूस कामाविना असला, पण त्याने एकूण तीस दिवस काही काम केलं असलं, तर तो रोजगारात धरला जातो. साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यात एक तास काम पुरतं. आणि काम म्हणजे पगाराचंच असंही नाही. एमए करून गावी परतलेला मुलगा वडिलांबरोबर सोयाबीन काढायला महिनाभर राबला, हातात एक रुपया पडला नाही, तरी सरकारी हिशेबात त्याला काम आहे.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात होते आणि एकूण कामकऱ्यांत जवळपास दर पाचवा माणूस घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदतनीस होता. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होतं, ते ४६.१ टक्क्यांवर गेलं. देश पुढे जात असताना माणसं शेतीतून बाहेर पडायला हवीत, इथे ती परत शेतीत येत आहेत. शिवाय जे काम शोधतच नाहीत ते बेरोजगारीच्या दरात येत नाहीत. कॉलेजात नावापुरता प्रवेश घेऊन अभ्यासिकेत बसलेला मुलगा सर्वेक्षकाला "शिकतोय" म्हणाला, की तो विद्यार्थी ठरतो आणि बेरोजगारांच्या यादीतून गळतो.

याच सर्वेक्षणात १५ ते २९ वयोगटातला दर १०.२ टक्के आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये काढलेल्या रोजगार अहवालातले आकडे याहून बोलके आहेत. २०२२ साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के होती, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. ज्याच्या घरी संध्याकाळच्या जेवणाची सोय नाही त्याला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. मुलाला शिकवण्यासाठी ज्यांनी जमीन गहाण ठेवली, त्यांच्या घरी मात्र शिक्षणाच्या तोलाचं काम मिळेपर्यंत थांबण्याची धडपड चालते. कमी दर हे सुबत्तेचं लक्षण मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

"यांना फक्त सरकारी नोकरीच हवी"

हवी, हे खरं. पण त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. देशात नियमित पगारावर काम करणारे साधारण बावीस टक्के, आणि शेतीबाहेरच्या या पगारी नोकरांतही निम्म्याहून अधिक लोकांकडे लेखी करार नाही. उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. अशा बाजारात तलाठ्याची किंवा शिपायाची नोकरी म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार, आजारपणात रजा आणि बँकेच्या दारात पत. मुलं हिशेब करतात आणि त्यांचा हिशेब बरोबर असतो.

तात्पुरतं काम मिळालं तरी हाच हिशेब पुढे येतो. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार, मुदत आधी सहा महिने, मग अकरा. मुलांनी कार्यालयांत मन लावून काम केलं आणि मुदत संपल्यावर कायम करण्याची मागणी घेऊन ती रस्त्यावर उतरली. प्रशिक्षण नोकरीत कसं बदलायचं याचं उत्तर योजनेत नव्हतंच.

"आरक्षणामुळे आमच्या मुलांना मिळत नाही"

या वाक्याने गावागावांत मनं दुभंगली आहेत, म्हणून साधं गणित मांडतो. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदं होती आणि अर्ज १७ लाखांहून अधिक. म्हणजे शंभर अर्जांमागे जागा एक. ती एक जागा कोणत्या प्रवर्गाला द्यायची याचा नियम कसाही बदला, उरलेले नव्याण्णव अर्ज रिकाम्या हातीच परततात. त्यात सर्व जातींची मुलं आहेत. आपसांत भांडण्यात त्यांचा वेळ जातो आणि जागा इतक्या कमी का, हा प्रश्न कुणाला विचारलाच जात नाही.

"आयोगच झोपा काढतो"

महाराष्ट्र लोकसेवा आयोगावर राग काढणं सोपं आहे आणि काही वेळा रास्तही. पण भरती कुठे अडते हे ठाऊक असलं तर राग योग्य दारात नेता येतो. आधी विभागाचा आकृतिबंध मंजूर व्हावा लागतो, म्हणजे किती पदं हवीत याला शासनाची मान्यता. मग प्रवर्गनिहाय बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला याचा क्रम, तपासून घ्यायची. त्यानंतर विभागाने आयोगाला मागणीपत्र पाठवायचं. हे पत्र आल्याशिवाय आयोग जाहिरात काढू शकत नाही. परीक्षा, मुलाखत, शिफारस झाली की चेंडू पुन्हा शासनाकडे येतो, कारण नियुक्तीपत्र आयोग देत नाही, शासन देतं. कागदपत्र पडताळणी, न्यायालयातली प्रकरणं, प्रशिक्षणाची तारीख यांत आणखी काळ जातो. म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही मंत्रालयाच्या हातात असतात.

२०२१ मध्ये तर आयोगाच्या सदस्यांचीच पदं रिकामी होती. मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका उमेदवाराच्या मृत्यूनंतर राज्यभर संताप उसळला, तेव्हा ती पदं ३१ जुलैपर्यंत भरू असं सरकारने विधिमंडळात जाहीर केलं. मुलाखती घेणारी माणसं नेमायला इतकं व्हावं लागलं, हे मला आजही सहन होत नाही.

तलाठी, आरोग्य, म्हाडा यांसारख्या सरळसेवा भरती तर आयोगाकडे नव्हत्याच. अशा भरतींच्या ऑनलाइन परीक्षांसाठीचं महापरीक्षा पोर्टल २०२० मध्ये तक्रारींमुळे बंद करावं लागलं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाचे पेपर फुटले, डिसेंबरात म्हाडाची परीक्षा ऐन आदल्या रात्री पुढे ढकलली, तेव्हा कित्येक मुलं परगावच्या केंद्रावर पोहोचलेली होती. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६०० च्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक उमेदवार होते आणि शुल्क खुल्या प्रवर्गाला १,०००, राखीव प्रवर्गाला ९०० रुपये. साधा गुणाकार केला तरी रक्कम ९० कोटींच्या घरात जाते. कमाई नसलेल्या मुलांकडून ती गोळा झाली. पेपरफुटीविरुद्ध २०२४ मध्ये केंद्राने आणि राज्यानेही कायदे केले. ते आवश्यकच होते, पण ढकललेल्या तारखेची भरपाई त्यांत नाही.

"सरकारकडे जागाच नाहीत"

आहेत. १ मार्च २०२१ रोजी केंद्राच्या मंजूर ४० लाखांहून अधिक पदांपैकी ९.७९ लाख रिक्त होती, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. महाराष्ट्राने स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ७५ हजार पदं भरण्याची घोषणा केली, ती रिकामी होती म्हणूनच. मध्येच सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला आणि तरुणांच्या विरोधानंतर पुढच्या महिन्यात मागे घेतला गेला.

पण सगळ्या जागा भरल्या की प्रश्न सुटेल, असंही भरतीसाठी आंदोलन करणाऱ्या मित्रांनी मानू नये. जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या आठ वर्षांत केंद्राच्या नोकऱ्यांसाठी २२.०५ कोटी अर्ज आले आणि निवड झाली ७.२२ लाखांची. रिक्त पदं भरा ही मागणी न्याय्य आहे, शाळेत शिक्षक आणि दवाखान्यात परिचारिका हव्यात म्हणूनही न्याय्य आहे. तरी बहुसंख्य तरुणांचं काम सरकारी कचेरीबाहेरच तयार व्हावं लागेल, आणि तिथे लेखी करार, वेळेवर पगार व भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही हे पाहणं हेही सरकारचंच काम आहे.

"निवड यादीत नाव आलं, आता चिंता नाही"

दुर्दैवाने तसं नाही. १९९१ च्या शंकरसन दाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की यादीत नाव आल्याने नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही. मात्र पद रिकामं ठेवायचं तर शासनाला योग्य कारण असावं लागतं, मनमानी चालत नाही, हेही त्याच निकालात आहे. दुसरा भाग उमेदवारांना फार कमी वेळा सांगितला जातो.

"नोकऱ्या देणं सरकारचं काम नव्हे"

राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी, असं राज्याला सांगितलं आहे. तो न्यायालयातून वसूल करता येत नाही, कारण तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण महाराष्ट्राने तो एकदा मनावर घेतला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव भागात १९६५ च्या सुमारास रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला, १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर लाखोंच्या चुलीचा आधार झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला काम देणारी ही योजना होती. २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा त्याच वाटेने आला.

त्या कायद्यात अंगमेहनतीचं काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, अशी मुदत सरकारने स्वतःवर घालून घेतली. शिकलेल्या मुलांना अशी हमी आज कुणी देणार नाही, तेही ती मागत नाहीत. पण जाहिरातीपासून नियुक्तीपत्रापर्यंत किती महिने, हे सरकार नक्की लिहून देऊ शकतं. संघ लोकसेवा आयोग वर्षभराच्या परीक्षांच्या तारखा आधी जाहीर करतो आणि बहुतेक पाळतो. राज्यातल्या प्रत्येक विभागाने दरवर्षी रिक्त पदांचा आकडा आणि मागणीपत्राची तारीख जाहीर करावी, मुदत चुकली तर उमेदवाराला वयाची तेवढी सवलत आपोआप मिळावी आणि परीक्षा रद्द झाली तर शुल्क परत मिळावं. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा, पोलीस शिपायाला तर २८ आणि ३३. उशीर सरकारने करायचा आणि वय मुलांचं मोजायचं, ही पद्धत आधी बंद व्हायला हवी.