धारेवरून जायचं की खोऱ्यातून? (भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी लेखी रूप)

या वेळचा भाग एका श्रोतीच्या व्हॉइस नोटवरून सुचला. ती म्हणते, "डिसेंबरात आम्ही सहा जण निघतोय. चौघांना तोरणा ते राजगड करायचाच आहे. एक मैत्रीण पहिल्यांदाच येतेय आणि माझ्या मावसभावाचा गुडघा मागच्या वर्षी दुखावलेला आहे. तो म्हणतो, 'मी येईन, माझ्यामुळे प्लॅन बदलू नका.' ग्रुपवर दोन दिवस भांडण चालू आहे. तूच काय ते सांग."

त्या भावाचं वाक्य लक्षात ठेवा. आपल्याकडे बऱ्याच ट्रेकचे निर्णय अशा 'माझ्यामुळे बदलू नका'वरच होतात. त्याच्याकडे आपण परत येऊ. आधी जागा समजून घेऊ.

तोरणा साधारण १४०० मीटर उंच. राजगड त्याहून थोडा कमी. दोन्ही किल्ले डोंगराच्या एकाच रांगेवर आहेत आणि मधला भाग म्हणजे लांबलचक धार. एका बाजूला कानंदी नदीचं खोरं, दुसऱ्या बाजूला वेळवंडीचं. जुन्या मावळांची नावंसुद्धा या नद्यांवरूनच पडली, कानद मावळ आणि वेळवंड मावळ. येसाजी कंकांचं भुतोंडे गाव याच वेळवंडीच्या बाजूला. म्हणजे ही धार दोन मावळांमधली भिंत आहे आणि आपली मंडळी त्या भिंतीच्या माथ्यावरून चालायचं म्हणतायत.

आता आकडेमोड. घाबरू नका, फोनच्या कॅल्क्युलेटरवर होते. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा दिला होता आणि तो अजूनही वापरात आहे. दर ५ किलोमीटर चालीला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. वेल्ह्यातून तोरणा चढून, धारेवरून राजगड आणि गुंजवण्यात उतरायचं, असं धरलं तर गावापासून गावापर्यंत ढोबळमानाने २० किलोमीटर. म्हणजे ४ तास. वेल्हे ते तोरणा साधारण ७०० मीटर चढ, मग धारेवरून खाली येऊन राजगडाकडे पुन्हा चढ. सगळा मिळून ११०० मीटर धरा. त्याचे पावणेदोन-दोन तास. एकूण सहा तासांच्या आसपास.

पण हे सहा तास न थांबणाऱ्या माणसाचे! यात चहा नाही, फोटो नाहीत, 'जरा बसूया रे' नाही. आपल्या सह्याद्रीत, मिश्र ग्रुपसाठी, मी सरळ दीडपट करते. नऊ तास. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी सातला चालायला लागलात तर चार वाजता खाली. गाडी पंक्चर झाली, नाश्त्याला मिसळ लांबली आणि साडेनऊ झाले, तर शेवटचा उतार अंधारात. गुंजवण्याकडचा चोरदरवाजाचा उतार ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. रेलिंग आहेत, पण अंधारात, थकलेल्या पायांनी तिथे उतरणं नको.

खरा प्रश्न मात्र तासांचा नाही. परत फिरायला काय पडतं, हा आहे. खोऱ्यात चालताना कुणाचा पाय दुखला तर पुढच्या गावात थांबता येतं. जीप मिळते, कुणाच्या ओसरीवर पाणी मिळतं. धारेवर तसं नाही. तोरण्याच्या बुधला माचीवरून कातळ आणि घसारा उतरून एकदा पुढे गेलात, की मागे फिरणं म्हणजे तोच घसारा पुन्हा चढणं. पुढे जाणं म्हणजे अजून काही तास. मधे कुठे खाली उतरावं म्हटलं तर नीट वाट माहीत हवी; धारेवरून दिसणारी प्रत्येक सोंड खाली गावापर्यंत जातेच असं नाही. आपला डोंगर बेसाल्टच्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. वरून गवताळ उतार दिसतो आणि खाली शंभर-दीडशे फुटांचा कडा निघतो. वरून तो दिसत नाही.

म्हणून ग्रुपसाठी साधा नियम: जिथून परत फिरणं महाग होतं ती जागा नकाशावर आधीच ठरवा आणि तिथे पोहोचायची वेळही ठरवा. या ट्रेकला ती जागा म्हणजे बुधला माची. साडेअकरापर्यंत सगळे तिथे नसतील, किंवा एकाचाही चेहरा उतरलेला असेल, तर तोरणा बघून वेल्ह्यात परत. तोरणा काय कमी किल्ला आहे?

पाणी. तोरण्यावर टाकी आहेत, पण मधल्या धारेवर भरवशाचं पाणी नाही असं धरूनच चाला. माणशी ३ ते ४ लिटर. आणि डिसेंबरचं वाळलेलं पिवळं गवत! फोटोत सोनेरी दिसतं, पायाखाली चटईसारखं सरकतं. त्याखाली मुरूम असेल तर आणखी मजा. गुडघा चढताना दमतो, पण दुखतो तो उतरताना, कारण प्रत्येक पावलाला अंगाचं आणि सॅकचं वजन त्याला झेलत थांबवावं लागतं. त्यामुळे 'चढलो की झालं' हा हिशोब दुखऱ्या गुडघ्याला लागू नाही.

आता खोऱ्याची बाजू घेते, कारण तिला उगाच 'म्हाताऱ्यांचा वॉक' म्हणतात. वेल्ह्याहून पाबे, तिथे कानंदी ओलांडून खरीव, मग पाली. शेतं, नदी, आणि दोन्ही किल्ले खालून, आख्खे. तोरण्याचा आकार त्याच्या माथ्यावर उभं राहून कळत नाही, तो खोऱ्यातूनच कळतो.

पण खोरं म्हणजे नेहमी सोपं असंही नाही हां. साम्रदची सांदण 'व्हॅली' नावाला भुलून लोक चपला घालून येतात आणि आत पाण्याचे डोह नि मोठमोठे धोंडे बघून गार पडतात. पावसाळ्यात तर हिशोब उलटाच होतो. कातळात पाणी फारसं मुरत नाही, त्यामुळे वर अर्धा तास जोराचा पाऊस झाला की खालचा ओढा बघता बघता फुगतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी! गुडघाभर वेगाचं पाणी माणसाला पाडतं. सकाळी ओलांडलेला ओढा दुपारी ओलांडता येईलच असं समजू नका. धारेचा शत्रू वेगळा: मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधली वीज. ढग गडगडलेला ऐकू आला, म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. माथा सोडा, एकट्या झाडाखाली जाऊ नका. डिसेंबरात यातलं सहसा काही नसतं, म्हणून या श्रोतीचा महिना चांगला आहे.

फोनबद्दल दोन गोष्टी. नकाशा घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, बहुतेक फोनवर ते एअरप्लेन मोडमध्येही चालतं आणि बॅटरी टिकते. नेटवर्क अनेकदा खोऱ्यापेक्षा धारेवर बरं मिळतं, त्यामुळे 'पोहोचलो' हा मेसेज वरूनच टाका. आणि नकाशावरच्या समोच्च रेषा वाचायला शिका, दहा मिनिटांचं काम आहे. रेषा जवळजवळ असतील तिथे उभा चढ. रेषांचं टोक कमी उंचीकडे वळलेलं असेल तर ती सोंड किंवा धार, जास्त उंचीकडे वळलेलं असेल तर ती घळ. इन्स्टावरची रील बघून 'इझी आहे' म्हणणाऱ्याला एकदा या रेषा मोजायला लावा.

तर, ताईचा प्रश्न. माझं उत्तर: या वेळी सहाही जण खोऱ्यातून पालीपर्यंत चाला. पालीकडून राजगडावर जुना राजमार्ग चढतो, रुंद, पायऱ्यांचा, दमानं साधारण तीन तासांचा. पहिल्यांदा येणारी मैत्रीण त्यावर छान चढेल. मावसभावाला वाटलं तर येईल, अर्ध्यातून फिरावंसं वाटलं तर फिरेल, वाट तीच आणि गाव खालीच. त्याच्यासोबत उतरायला कोण थांबणार हे मात्र आदल्या रात्रीच ठरवा. तिथे वाटेत विचारलंत तर तो 'मी ठीक आहे'च म्हणणार. उरलेल्या चौघांनी जानेवारीत धार करावी, सकाळी सहाला निघून.

आणि त्या भावाला एवढंच विचारा: "गुडघा कसा आहे?" नको. "मागच्या महिन्यात सलग किती जिने उतरलास?" असं विचारा. उत्तर आलं की मला व्हॉइस नोट पाठवा.

पुढच्या भागात सॅक: वीस लिटर पुरते का, आणि कोण आपल्या मित्राच्या खांद्यावर आपलं पाणी देतं!