जुन्या फर्निचरला पाणी किती लागलंय?

जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीत, किंवा खाली कुशिरे, केर्ली, वडणगे या पट्ट्यात भाड्यानं घर घेतलं की सल्ला द्यायला सगळे हजर असतात. बदलीवर आलेला शिक्षक असो, बँकेतली नवी मुलगी असो, नाहीतर खोली करून राहणारी कॉलेजची पोरं असोत. सगळ्यांना एकच ऐकवलं जातं, ‘नवं कशाला घेताय? कोल्हापुरात जुनं बघा, निम्म्यात घर लागतंय.’ सल्ला चांगलाच आहे. मात्र त्याच्याबरोबर काही समज फुकट मिळतात आणि पैसे जातात ते त्यांच्यापायी.

जुनं म्हणजे स्वस्तच, हा त्यातला पहिला. समजा पलंग ३,००० रुपयांना ठरला. त्यावर छोटा हत्ती, चढ-उताराची हमाली, एक पाय डगमगतो म्हणून सुतार आणि मनाला बरं वाटावं म्हणून पॉलिश. एवढं सगळं धरलं की नव्या साध्या लोखंडी कॉटची किंमत फार लांब राहत नाही. कोल्हापूर ते जोतिबा अंतर अठरा-वीस किलोमीटरच, पण शेवटचा टप्पा घाटाचा आणि गावातल्या वाटा अरुंद. त्यात रविवार देवाचा वार. चैत्र यात्रेत किंवा खेट्यांच्या रविवारी सामानाचा टेम्पो वर न्यायचं कुणी सुचवलं, तर तो माणूस इथला नाही, एवढं नक्की. म्हणून भाव विचारण्याआधी एकच विचारावं: सुटं होतं का? नटबोल्टचा पलंग दोघं जण जिन्यानं सहज वर नेतात. खिळे ठोकून पक्का केलेला सहा बाय सहाचा दिवाण मात्र खाली अंगणातच राहतो.

खरा घोटाळा लाकडाचा. ‘सागवान आहे ओ, असलं आता कुटं मिळायचं न्हाई,’ असं दुकानदारानं म्हटलं की निम्मे लोक तिथंच विरघळतात. सागवानाचं नाव उगाच झालेलं नाही. त्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण हा गुण झाडाच्या गाभ्याचा. सालीलगतचा पांढुरका भागही सागाचाच असतो, आणि तो वाळवी आवडीनं खाते. शिवाय गडद पॉलिश मारलं की कुठलंही लाकूड साग दिसतं. प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असला, तर वरून बघून कळणंच अवघड. कडेला बघावं. फळीच्या टोकाला थर दिसले की ते प्लाय. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरून टोकापर्यंत सलग गेल्या असतील, तर ते भरीव लाकूड. खालच्या बाजूला बारीक भोकं आणि जमिनीवर पिठासारखा भुसा दिसला, तर किडा अजून आत आहे. ते सामान फुकट मिळालं तरी नको.

प्लायच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. दुकानात ज्याला कमर्शियल प्लाय म्हणतात, ते एमआर प्रतीचं. ही प्रत हवेतला दमटपणा सोसते, भिजणं सोसत नाही. लोक मात्र ते वॉटरप्रूफ धरून चालतात. पाण्यात टिकणारं ते आयएस ७१० शिक्क्याचं, ज्याला मरीन प्लाय म्हणतात. जुन्या कपाटात ते क्वचितच सापडतं. भुश्याच्या दाबलेल्या बोर्डाचं तर बोलायलाच नको. एकदा फुगला की तो परत बसत नाही.

कोल्हापुरात हे सगळं नुसतं ज्ञान म्हणून सांगायची गोष्ट नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये त्याहूनही वर. जोतिबाकडे निघालं की शिवाजी पूल ओलांडल्यावर ज्या आंबेवाडी-चिखलीचे फाटे लागतात, ती गावं दोन्ही वेळा पाण्यात होती. शहरातल्या सखल पेठांत आणि वसाहतींतही घराघरांत पाणी होतं. त्या घरांतलं भिजलेलं सामान गेलं कुठं? बरंच कचऱ्यात गेलं, काही वाळवून, रंगवून पुन्हा वापरात आलं. ज्यानं विकलं त्याला दोष देऊन उपयोग नाही. घर वाहून गेलेल्यानं आणखी काय करायचं होतं?

त्यामुळे ‘उन्हात वाळवलं की झालं’ हा समज इथं सगळ्यांत महाग पडतो. भरीव सागाची खुर्ची सावलीत हळूहळू वाळली तर पुष्कळदा वाचते. कडक उन्हात टाकली तर तडकते. प्लायचे थर सुटले की कुठलंही ऊन ते परत चिकटवत नाही. पारख करायला दुकानदाराच्या बोलण्याची गरज नाही. कपाट आडवं करा आणि तळ बघा. एका उंचीवर सगळीकडून फिरलेली फिकट रेघ, वरच्या बिजागऱ्या स्वच्छ पण खालच्या गंजलेल्या, ड्रॉवरच्या खाचेत बोटाला लागणारी बारीक वाळलेली माती. यातलं काही दिसलं की पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. रंग नवा असतो, खाच कुणी पुसत नाही.

लोखंडी कपाटाला आपल्याकडे सरसकट ‘गोदरेज’ म्हणतात. त्या कंपनीनं स्टीलची कपाटं करायला सुरुवात केली १९२३ मध्ये, त्यामुळे नाव घरोघरी बसलं, इतकंच. पत्र्याचा गेज जितका मोठा, तितका पत्रा पातळ. २२ गेज हा २० पेक्षा भारी, असं कुणी सांगितलं तर नुसतं हसावं. डोंगरावर पावसाळ्यात धुकं खोलीत शिरतं, तेव्हा पाठीमागचा पत्रा आणि तळ आधी तपासावा. कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवावं.

ढेकणांबद्दल तर बोलणंही लोकांना लाजिरवाणं वाटतं. ढेकूण घाणीमुळे होतात, हे खरं नाही. ते सामानाबरोबर येतात आणि स्वच्छ घरातही तितक्याच सुखानं राहतात. महिनोन्महिने उपाशी जगतात, म्हणजे ‘खोली बंद होती, मेले असतील’ हेही गेलं. ऊन दाखवलं तर पृष्ठभाग तापतो, सांध्याच्या आत ते निवांत असतात. रॉकेल मारणं म्हणजे घराला आग लावायची तयारी. लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतण्याची आजीची रीत मात्र खरंच कामाची, कारण उष्णतेनं अंडीही मरतात. लाकडाला ती चालत नाही. जुनी गादी, भरलेला सोफा आणि उशा मात्र कुणी दिल्या तरी घेऊ नयेत, असं माझं मत आहे. त्यात तडजोड नाही.

पडद्यांचं गणित उलटं आहे. इथं लोक विनाकारण नवं घेतात, कारण ‘दुसऱ्याचे पडदे मापाला बसत नाहीत’. मोठा पडदा कापून लहान होतो. खिडकीच्या रुंदीच्या दीडपट-दुप्पट कापड असलं की चुण्या नीट पडतात. घरातली सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर भरते. मधोमध कापली की दाराच्या सात फुटी उंचीचे दोन पडदे दुमड धरूनही निघतात. नऊवारीत तीन. कापायच्या आधी एकदा धुऊन घ्यावी, नाहीतर पडदा नंतर आखडतो. दुसऱ्याचे पडदे असतील तर कडक गरम पाण्यात धुवावेत. गुलाल लागलेला असेल तर मात्र आधी बाहेर नेऊन कोरडाच झटकायचा आणि मग गार पाणी. ओल्या हातानं चोळला की तो पडद्यात कायमचा राहायला येतो.

नवं कापडच हवं असेल तर गांधीनगरला जावं. या बाजाराची जागा म्हणजे वळिवड्याची छावणी. १९४३ पासून १९४८ पर्यंत तिथं पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, आणि ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं उतरली. दुसऱ्यानं वापरलेलं घरात आणलं तर लाभत नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्या बाजारातून एक चक्कर मारावी.

राहिला करार. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे घरमालक आणि भाडेकरू दोघंही ठामपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालकाचं जुनं कपाट, पंखा, कॉट जे काही खोलीत असेल, त्याची यादी त्याच करारात घालावी, आणि कशावर आधीच गंज किंवा ओरखडा आहे तेही. पडद्याच्या रॉडसाठी भिंतीला पडणारी भोकं जाताना कुणी बुजवायची, तेही लिहून ठेवावं. अनामत रक्कम बहुतेक वेळा अडकते ती असल्याच किरकोळ गोष्टींवरून.