कॅसेट नेमकी कुठे कापायची?

सोलापुरातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर कॅसेटचा एखादा खोका हमखास निघतो. पंढरपूर याच जिल्ह्यात, त्यामुळे कीर्तनं-प्रवचनं आलीच. शिवाय प्रा. श्रीराम पुजारी यांच्यासारख्या रसिकांनी या शहराला घरगुती मैफिलींची गोडी लावली. आता या कॅसेट संगणकावर उतरवल्या जात आहेत. पण उतरवल्यावर हाती येते ती पाऊण तासाची एकसलग फाइल. त्यातला हवा तो अभंग शोधायचा कसा?

नव्वद मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली, तर सेकंदाला 44,100 या हिशेबाने प्रत्येक चॅनेलचे सुमारे 24 कोटी नमुने होतात आणि फाइल भरते साधारण 950 एमबी. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर या आकड्यांत शांतता शोधतं. आवाज ठरावीक पातळीखाली, समजा उणे 40 डेसिबलखाली, सलग दोन सेकंद राहिला की तिथे गाणं संपलं असं मानून ते खूण करतं. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाला हे चोख लागू पडतं.

कॅसेटला मात्र स्वतःची खरखर असते. पातळी खरखरीच्या खाली ठेवली तर एकही खूण सापडत नाही. फार वर नेली तर गायकाने श्वास घेतला तरी तुकडा पडतो. म्हणून दोन गाण्यांमधल्या मोकळ्या फितीची पातळी आधी मोजावी आणि मर्यादा तिच्या किंचित वर ठेवावी.

खरी पंचाईत पुढे आहे. मैफिलीत तानपुरा थांबतच नाही. विलंबित ख्यालातून द्रुतात जाताना शांतता नसते, बदलतात ती लय आणि बंदिश. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपतो, बुवांना हार घालून बुक्का लावतात, तेव्हा तर नामाचा गजर चालू असतो. म्हणजे सांधा नेमका गोंगाटाच्या जागी! शांतता शोधणारं यंत्र तिथून खुशाल पुढे निघून जातं.

यावर संशोधक जोनाथन फूट यांनी 1999-2000च्या सुमारास वेगळी वाट दाखवली. ध्वनिमुद्रणातला प्रत्येक क्षण बाकीच्या प्रत्येक क्षणाशी ताडून पाहायचा. या तुलनेच्या चित्रात सारखे भाग चौकटींसारखे उमटतात आणि एक चौकट संपून दुसरी सुरू होते तिथे सांधा असतो. निरूपण कुठे थांबलं, पखवाज कुठे सुरू झाला, हे अशा पद्धतीने पकडता येतं.

तुकड्याला नाव देणं मात्र माणसाचंच काम. संशोधक गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या साथीने 1990च्या दशकात त्यातल्या काही हजार ध्वनिमुद्रितही झाल्या. ओवी, गाव आणि गाणारीचं नाव यांची नोंद होती, म्हणूनच तो संग्रह आज वापरता येतो.

तेव्हा खोका उघडाल तर एवढं करा. मूळ सलग फाइल न कापता जपून ठेवा, कापाकापी तिच्या प्रतीवर करा. यंत्राने केलेली प्रत्येक खूण ऐकून तपासा. आणि आवाज ओळखणारी वडीलधारी माणसं घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून नावं लिहून घ्या. फाइल नंतरही कापता येईल. बुवा कोण, गाव कोणतं, हे नंतर विचारायला कुणी असेलच असं नाही.