लाकडी जमिनीला बादलीचं वावडं

जमीन पुसायची म्हटलं की मराठी घरात बादलीभर पाणी, त्यात झाकणभर फिनाईल आणि चिंब फडकं ठरलेलं. शहाबादी, कोटा, मोझॅक, व्हिट्रिफाइड टाइल्स अशा सगळ्या जमिनींना ही पद्धत मानवली. आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये निदान एखाद्या बेडरूमपुरतं वुडन फ्लोअरिंग दिसू लागलं आहे, आणि अमेरिकेतल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या घरात ओकच्या फळ्यांची जमीन आहे. सवय मात्र बादलीचीच राहिली. लाकडी जमीन वयापेक्षा अशा स्वच्छतेनंच जास्त खराब होते.

लाकूड कापलं, वाळवलं, रंधा मारून बसवलं, तरी हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं ते थांबवत नाही. ओलावा घेतला की फळी रुंदीला फुगते, सुटला की आकसते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून अमेरिकेत हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की फळ्यांमधल्या फटी उघडतात आणि उन्हाळ्यात मिटतात. तिथले फ्लोअरिंगवाले घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखायला सांगतात. मुंबईत जुलैमध्ये ती ८० टक्क्यांच्या पुढे असते. त्यामुळे आपल्याकडे भिंतीलगत, स्कर्टिंगच्या आड, फळ्यांना फुगायला जागा सोडलेली असावीच लागते. ती नसेल तर पावसाळ्यात जमीन मधूनच उचलली जाते.

फळीच्या कडा वर आणि मधला भाग खोल दिसू लागला, तर तिला खालून ओल लागते आहे असं समजावं. बाथरूमच्या भिंतीतून झिरपणारं पाणी, तळमजल्याच्या काँक्रीटमधली ओल किंवा रोजचं ओलं पोतेरं, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. अशा वेळी घाईनं मशीन फिरवून कडा सपाट करून घेणं ही मोठी चूक. पुढे लाकूड सुकलं की कडा खाली जातात आणि मधला भाग उंच राहतो. आधी ओल थांबवायची, जमीन पूर्ण सुकू द्यायची, मग काय ते ठरवायचं.

आता पॉलिशकडे वळू. जमिनीची चमक लाकडाची नसते, त्यावर चढवलेल्या थराची असते. हा थर कसला आहे हे कळल्याशिवाय कोणतीही बाटली उघडू नये. जुन्या घरांतून मेण, जवसाचं तेल किंवा चपड्याचं पॉलिश आढळतं. चपडा म्हणजे लाखेच्या किड्यांचा राळेसारखा स्राव, स्पिरिटमध्ये विरघळवलेला. या लाखेचं सर्वाधिक उत्पादन आजही झारखंडात होतं आणि रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी खास संस्था उभी राहिली. नव्या घरांत बहुधा पॉलियुरेथेन असतं, ज्याला आपले सुतार आणि पॉलिशवाले ‘पीयू’ म्हणतात.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. कपाटामागचा किंवा पलंगाखालचा, नजरेत न येणारा कोपरा निवडावा. तिथे पाण्याचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं थांबावं. थेंबाखाली पांढुरका डाग उमटला तर मेण असण्याची शक्यता मोठी. टर्पेंटाईन लावलेल्या फडक्यावर पिवळट मळ आला तर शंका उरत नाही. स्पिरिटच्या थेंबानं थर चिकट झाला तर चपडा. कशानंच काही झालं नाही तर पीयू. आणि पाणी सरळ आत जिरून लाकूड काळपट दिसलं, तर थर तिथे झिजून गेला आहे.

रोजच्या निगेत पाण्यापेक्षा धुळीकडे जास्त लक्ष हवं. बाहेरून पायांबरोबर येणाऱ्या वाळूत क्वार्ट्‌झचे कण असतात. ते पॉलिशच्या थराहून कितीतरी कठीण असतात, आणि त्यांच्यावरून चालणारा प्रत्येक पाय जमिनीवर काचपेपर फिरवत असतो. चपला दाराबाहेर काढायची आपली रीत म्हणूनच या जमिनीला वरदान आहे. रोज मऊ कुंच्यानं किंवा सपाट मायक्रोफायबर मॉपनं कोरडं झाडावं. व्हॅक्युम क्लीनर असेल तर फिरता ब्रश बंद ठेवून वापरावा. आठवड्यातून एकदा पुसावं, पण फडकं इतकं घट्ट पिळावं की जमिनीवर उठलेली ओल मिनिटा-दोन मिनिटांत उडून जाईल. साबण लागलाच तर सौम्य, ना आम्ल ना अल्कली असा. फिनाईल, सोडा आणि व्हिनेगर टाळावेत. व्हिनेगर ‘नैसर्गिक’ म्हणून सुचवलं जातं, पण त्यातलं आम्ल वारंवार लागलं की चमक मंदावते. स्टीम मॉप तर अजिबात नको. तो वाफ थेट फळ्यांच्या सांध्यांत घुसवतो.

आपल्या घरातल्या काही गोष्टी परदेशी पुस्तिकांत सापडणार नाहीत. समईखाली ताटली ठेवावी, कारण तेलाचा ओघळ मेणाच्या किंवा तेलाच्या पॉलिशमध्ये मुरतो. हळद सांडली तर त्याच क्षणी कोरड्या फडक्यानं उचलावी, पाणी घालून पसरवू नये. कुंडीखाली नुसती बशी पुरत नाही, पायांचं स्टँड हवं. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या चिकटवाव्यात आणि त्यांत खडे रुतले की बदलाव्यात.

डागाचा रंगही बरंच सांगतो. पांढरा डाग बहुधा वरच्या थरातच असतो आणि मेणाच्या जमिनीवर तो हलक्या घासणीनं, वर पुन्हा मेण लावून जाऊ शकतो. काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचलं. ओकच्या लाकडात टॅनिन असतं. ओल्या लोखंडाशी त्याचा संयोग झाला की शाईसारखा काळा रंग धरतो. तो ऑक्झॅलिक ॲसिडनं फिका करता येतो. मात्र त्यासाठी वरचा थर काढावा लागतो आणि हे रसायन विषारी आहे, तेव्हा ते काम जाणकारावर सोपवावं.

दुकानात मिळणाऱ्या ‘फ्लोअर शाईन’च्या बाटल्यांबद्दल सावध राहायला हवं. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत ॲक्रिलिक असतं. पहिल्यांदा जमीन लखलखते, मग थरावर थर साचून ती धुरकट होते, पावलांचे ठसे दिसू लागतात. पीयूवर मेण लावणंही तितकंच चुकीचं. पुढे नवा पीयूचा हात द्यायचा झाला तर तो मेणावर धरतच नाही, पापुद्रे सुटतात. मेण हे मेणाच्याच जमिनीसाठी. तिथे ते अगदी पातळ चोळावं, वीस मिनिटं सुकू द्यावं आणि लोकरीच्या फडक्यानं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घोटावं. जाड थर दिला तर चमक येत नाही, चिकटपणा मात्र येतो.

पीयूची जमीन निस्तेज झाली पण लाकूड उघडं पडलेलं नसेल, तर वरचा थर बारीक पेपरनं नुसता खरवडून, धूळ पूर्ण टिपून, नवा हात देता येतो. हे वेळेवर केलं तर पूर्ण घासाई कित्येक वर्षं टळते. पूर्ण घासाईत ४० नंबरच्या आसपासच्या जाड पेपरपासून ६०, ८० करत १०० किंवा १२० पर्यंत यावं लागतं. मधला टप्पा गाळला की आधीचे ओरखडे पॉलिशखाली स्पष्ट दिसतात. १९ मिलिमीटरची अस्सल फळी अशी घासाई अनेकदा सोसते. इंजिनिअर्ड फळीवर खऱ्या लाकडाचा थर काही मिलिमीटरचाच, त्यामुळे एकदा, फार तर दोनदा. लॅमिनेट मात्र कधीही घासू नये; तिथे वरच्या थरात लाकूड नसतंच, लाकडाचं छापील चित्र असतं. साग असेल तर आणखी एक काळजी. त्याच्या अंगातच तेल असल्यानं पीयू नीट वाळत नाही, म्हणून जाणते पॉलिशवाले आधी थिनरनं तो पुसून घेतात.

तेलाचं पॉलिश करणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. तेलाचे बोळे एकावर एक पडले की ती उष्णता आत कोंडते आणि बोळे ठिणगीशिवाय पेट घेतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत, लाकडी कामाला पॉलिश करून ठेवलेल्या अशाच चिंध्यांतून २२व्या मजल्यावर आग लागली. तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले आणि इमारत पुढे पाडावी लागली.

काम संपलं की पॉलिशवाल्याकडून प्रत्येक तेलकट चिंधी मागून घ्या. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा, झाकण घट्ट लावा आणि डबा घराबाहेर ठेवा. हे आटोपल्याशिवाय त्या रात्री झोपू नका.