आत्या, अत्ते आणि इरावतीबाई

बेळगावच्या दक्षिण अंगाला असलेल्या अनगोळमध्ये मराठी आणि कन्नड बोलणारी घरे शेजारी शेजारी नांदतात. जुन्या वळणाच्या मराठी घरातील सून सासूला ‘आत्या’ आणि सासऱ्याला ‘मामा’ म्हणते. कन्नड घरात सासू ही ‘अत्ते’ आणि सासरा ‘माव’. वडिलांची बहीण आणि आईचा भाऊ यांनाही तेथे हेच शब्द लावतात. सीमाप्रश्नाच्या वादात ज्या भाषा एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात, त्या उंबरठ्याच्या आत शिरल्यावर नात्यांचा हिशेब असा जवळपास सारखाच मांडतात. भावाची मुलगी बहिणीने सून म्हणून आणावी, ही जुनी रीत या शब्दांत साठून राहिली आहे. आत्याच सासू होत असल्यावर निराळी हाक हवी कशाला?

अशा हाकांना पुरावा मानावे, ही दृष्टी समाजशास्त्राला तशी उशिराच आली. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक पंडित मिशनऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या टिपणांवर विसंबून, घरबसल्या दूरदेशीच्या समाजांविषयी ग्रंथ लिहीत. केंब्रिजचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १९०१-०२ मध्ये निलगिरीतील तोडा लोकांत जाऊन घरोघरच्या वंशावळी जमवल्या. आईवडील, भावंडे, मुले यांची नावे विचारायची, मग कोण कोणाला काय म्हणतो ते विचारायचे, इतकी ती पद्धत साधी होती. पुढे ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिआंड बेटांवर तंबू ठोकून राहिले, तेथील भाषा शिकले आणि १९२२ मध्ये त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. तेव्हापासून एका वस्तीत दीर्घकाळ राहणे ही या शास्त्राची दीक्षाच ठरली.

रिव्हर्स यांच्याकडे शिकायला गेलेले गोविंद सदाशिव घुर्ये मूळचे मालवणचे, म्हणजे गोव्याच्या अगदी शेजारचे. मुंबई विद्यापीठात परतल्यावर त्यांचा स्वतःचा ओढा ग्रंथांकडेच अधिक राहिला. विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी गावोगाव धाडले. त्यांच्याच हाताखाली १९२८ मध्ये एम.ए. झालेल्या इरावती कर्वे यांनी जर्मनीत मानवशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले.

बाईंचे क्षेत्रकार्य मालिनोव्स्कींच्या साच्यात बसणारे नव्हते. एका गावात वर्षभर तळ ठोकण्यापेक्षा त्या प्रांतामागून प्रांत फिरल्या. शरीरमापे घेतली, नात्यांचे शब्द टिपले, ओव्या आणि लोकगीते ऐकली, शिवाय महाभारतापासूनचे ग्रंथही साक्षीला बोलावले. या विस्तारामुळे एखाद्या गावातील रोजचे ताणतणाव निसटतात, हा आक्षेप रास्तच आहे. पण वर्षभर एकाच गावी बसणाऱ्याला अनगोळच्या ‘आत्या’चा धागा दूर दक्षिणेपर्यंत कसा जातो, हे दिसले असते का, याचीही शंका येते.

१९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी भाषिक प्रदेश, जात आणि कुटुंबरचना या तिन्हींचा एकत्र विचार आवश्यक मानला. देशाचे चार विभाग पाडताना महाराष्ट्र त्यांनी उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या पट्ट्यात ठेवला. उत्तरेत जवळच्या रक्तनात्यात लग्न निषिद्ध. दक्षिणेत मामा किंवा आत्याच्या घरीच सोयरीक, आणि अनेक जातींत मामा-भाचीचे लग्नही चालते. महाराष्ट्रात बऱ्याच जातींना मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र चालत नाही. म्हणजे दक्षिणेची अर्धी रीत येथवर पोचली आणि थांबली. नकाशावरची रेघ एका जागी उमटते. लग्नाच्या रीती अशा टप्प्याटप्प्याने बदलत जातात.

पंढरीच्या वाटेवर त्या वारकऱ्यांबरोबर चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांची जेवणे वेगळी होतात, हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या आणि ती अस्वस्थता त्यांनी लपवली नाही. ज्या भूमीतील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्याही त्यांना त्याच वाटेवर सुचली. सीमाभागातील वारकऱ्यांना ती मुद्दाम समजावून सांगावी लागत नाही. कोयना धरणामुळे गाव सोडावे लागलेल्या लोकांची त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

आज शहरी घरांत सुना सासूला सर्रास ‘आई’ म्हणू लागल्या आहेत. अनगोळमध्ये ही हाक नात्यातली लग्ने मागे पडल्यामुळे आली, की रीत तशीच राहून नुसता शब्द बदलला, हे कळण्यासाठी कोणीतरी वही घेऊन पुन्हा घरोघर जावे लागेल.