लहान लाइनला लहान गाडी : रेलबसचा हिशेब

मुख्य रेल्वेमार्गावरून फुटून एखाद्या गावापर्यंत जाणाऱ्या छोट्या लाइनला आपण ब्रँच लाइन म्हणतो. अशा लाइनबद्दल एक वाक्य नेहमी कानावर पडतं : ‘गाडी तोट्यात आहे, बंद करा.’ पण तोटा लाइनचा आहे की तिच्यावर चालवलेल्या गाडीचा, हा सवाल फार कमी लोक विचारतात.

हिशेब करून पाहू. ब्रॉडगेजचं एक डिझेल इंजिनच शंभर टनांच्या पुढे असतं. त्यामागे चार-पाच डबे, आणि आत बसलेली माणसं चाळीस-पन्नास. डिझेलचा मोठा भाग माणसांसाठी नव्हे, लोखंड ओढण्यासाठीच जळतो. खर्च परवडत नाही म्हणून फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या की लोक रिक्षा-जीपकडे वळतात, आणि मग ‘प्रवासीच नाहीत’ असं म्हणून लाइनला टाळं लागतं.

यावर एक जुना उपाय आहे : रेलबस. म्हणजे रुळांवर चालणारी हलकी बस. वेगळं इंजिन नाही, मोटार गाडीतच बसवलेली. दोन्ही टोकांना चालकाची जागा असते, त्यामुळे शेवटच्या स्टेशनवर इंजिन काढून उलट्या बाजूला जोडण्याची कटकट नाही.

इंग्लंडमधल्या स्टाउअरब्रिज गावाचं उदाहरण पाहा. जंक्शनपासून गावापर्यंतची लाइन फक्त 1.3 किलोमीटर. पूर्वी तिथे सुमारे 40 टनांचा डिझेल डबा धावायचा. 2009 पासून तिथे जेमतेम साडेबारा टनांची गाडी धावते. तिचं इंजिन मोटारीत बसेल एवढंच, एलपीजीवर चालणारं. मग ती चढ कशी चढते? गाडीत फ्लायव्हील नावाचं जड चाक फिरत असतं. शिलाई मशीनवरून पाय काढला तरी तिचं मोठं चाक थोडा वेळ फिरत राहतं ना, तसंच हे. ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद हे चाक साठवतं आणि गाडी निघताना परत देतं. गाडी दर दहा मिनिटांनी सुटते, म्हणून कोणाला वेळापत्रक बघावं लागत नाही.

आपल्या देशालाही हे नवं नाही. राजस्थानात मेडता रोड ते मेडता सिटी या सुमारे 15 किलोमीटरच्या मार्गावर रेलबस चालवली गेली. मथुरा–वृंदावन मीटरगेजवरही ती अनेक वर्षं धावली.

अर्थात रेलबस म्हणजे जादूची कांडी नाही. ऊरूस किंवा जत्रेची गर्दी तिला पेलत नाही. हलक्या गाडीला जड मालगाड्यांच्या मध्ये सोडणं धोक्याचं, म्हणून लाइन तिच्यासाठी मोकळी हवी. एकच गाडी ठेवली आणि ती बिघडली, तर सेवाच ठप्प. स्टाउअरब्रिजमध्ये म्हणूनच दोन गाड्या आहेत.

हा विषय आपल्या घरापर्यंत येतो. नेरळ–माथेरान ही छोटी लाइन 1907 मध्ये सुरू झाली, ती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशातून. दुसरीकडे, विदर्भातल्या मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची ‘शकुंतला’ बंद पडली आणि लोक ब्रॉडगेजची मागणी करत आहेत. तो मार्ग 70 किलोमीटरहून लांब, तिथे स्टाउअरब्रिजची इवलीशी गाडी पुरणार नाही. पण एक-दोन हलक्या डब्यांची रेलकार नक्की विचारात घेता येईल.

गाडी बंद होते तेव्हा झळ कोणाला बसते? ज्यांच्याकडे स्वतःचं वाहन आहे त्यांना नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुली, दवाखान्यात जाणारे बुजुर्ग आणि रोजंदारीवरचे मजूर यांना बसते. जीपचं भाडं वाढलं की बऱ्याच घरांत आधी मुलीचं शिक्षण थांबतं, हे आम्ही शिक्षक वर्गात पाहतो.

म्हणून आमदार-खासदारांकडे निवेदन घेऊन जाताना ‘आमची गाडी सुरू करा’ एवढंच लिहू नका. रोज किती लोक जातात, कोणत्या वेळेला जातात हे मोजून लिहा, आणि त्या आकड्याला साजेशी हलकी गाडी मागा.